खेळाबाहेरची माणसे : डिचोली तालुक्यातील एका गावाच्या क्रिकेट हंगामाच्या नोंदी

१ ऑक्टोबर २०२३

आज सकाळी देवळाच्या सभामंडपात क्लबची बैठक झाली. चतुर्थी आटोपली आहे, पावसाचा जोर ओसरत आला आहे, आणि दरवर्षीप्रमाणे चौदा वर्षांखालील संघात मुलांची नावे घालण्यासाठी पालकांची गर्दी झाली. एकोणीस नावे आली. त्यानंतर मी विचारले की गुणलेखन कोण करणार, पंच म्हणून कोण उभे राहणार आणि खेळपट्टीची निगा कोण राखणार. त्यावर कोणीच बोलले नाही.

मागच्या हंगामाची गुणवही मी मुद्दाम सोबत नेली होती. तिच्यातील एका डावात पाच जणांचे हस्ताक्षर आहे, कारण फलंदाजीची वाट पाहत बसलेल्या मुलाच्या हातात वही दिली जाई आणि त्याची पॅड बांधायची वेळ आली की तो ती शेजारच्याकडे सरकवी. अकराव्या षटकात चारच चेंडूंची नोंद आहे. त्या दिवशी आपल्या एका मुलाने आयुष्यातले पहिले अर्धशतक केले, असे मैदानावर असलेला प्रत्येक जण सांगतो; वहीत मात्र त्याच्या नावापुढे ४६ धावा आहेत. त्या चार धावा कुठे गेल्या, हे तो मुलगा मला अजून विचारतो आणि माझ्याकडे उत्तर नाही. बैठकीत मी ते पान सर्वांना दाखवले.

गुडघ्याच्या दुखण्याने माझे स्वतःचे खेळणे चार वर्षांपूर्वी थांबले. खेळत असताना मीही अशीच वही पुढे सरकवलेली आहे, म्हणून हे काम अंगावर घेणे मला आवश्यक वाटते. एप्रिलअखेरपर्यंत संघात न खेळणारे चार गुणलेखक, चार पंच आणि खेळपट्टीची जबाबदारी घेणारी तीन माणसे तयार करायची, आणि त्यांची नावे फलकावर खेळाडूंच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहायची, असे ठरले. निवृत्त मास्तरांनी सर्वांत आधी हात वर केला. त्यांनी गावातील दोन पिढ्यांना गणित शिकवले आहे. गुणलेखनाचा वर्ग ते घेणार.

१५ ऑक्टोबर २०२३

शाळेमागच्या मैदानावर गुडघाभर गवत होते. ते कापायला दोन रविवार गेले. फुटबॉलची मुलेही कोयते घेऊन आली, कारण मैदान त्यांचेही आहे. संध्याकाळी साडेचारनंतर ते त्यांच्याकडे राहील आणि त्याआधी आम्ही खेळपट्टीवर अंथरायच्या मॅटचा एकूण एक खिळा उपटून ठेवू, असा शब्द मी त्यांना दिला आहे. अनवाणी पायाला खिळा लागला तर तो दोष सर्वस्वी आमचा असेल.

टेप लावून पाहिले तेव्हा मागच्या वर्षीची खेळपट्टी नियमापेक्षा दीड फूट आखूड निघाली. दोन्ही टोकांच्या यष्ट्यांमधील अंतर २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर असावे लागते. आम्ही सारा हंगाम आखूड खेळपट्टीवर काढला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, कारण मोजणे हे कोणाचेच काम नव्हते.

आजच्या दिवसाचे खरे श्रेय शेजारच्या वाड्यावरील शेतकरी आजोबांना आहे. त्यांनी आयुष्यात बॅट धरलेली नाही. आपल्याकडची जमीन जांभ्याची. वरून कितीही सपाट केली तरी रोलर फिरला की खालचे खडे डोके वर काढतात आणि त्यावर पडलेला चेंडू कुठल्या कुठे उडतो. आजोबांनी आम्हाला वरचा थर चार बोटे खणायला लावला, खडे चाळून बाजूला काढले आणि रोयणीची, म्हणजे वारुळाची, माती आणायला सांगितली. पूर्वी घराची जमीन आणि खळे याच मातीने करीत. तिचे दोन थर घालून पाणी मारल्यावर तरुण मुले रोलर ओढायला पुढे सरसावली, तेव्हा त्यांनी हात आडवा केला. ते उकिडवे बसले आणि त्यांनी मातीत अंगठा दाबला. अंगठ्याला माती चिकटून वर आली. “अजून नाही,” ते म्हणाले. पाऊण तासाने त्यांनी पुन्हा अंगठा दाबला. या वेळी मातीवर अंगठ्याच्या रेषांचा ठसा उमटला आणि अंगठा कोरडा राहिला. “आता ओढा, पण पळू नका.” पुढचे दोन तास रोलर बैलाच्या चालीने फिरला.

काथ्याची मॅट या थरावर ताणून बसवल्यावर चेंडू टाकून पाहिला. उसळी सारखी येते आहे. आजोबांचे नाव आज फलकावर पहिले लिहिले.

२९ ऑक्टोबर २०२३

मास्तरांच्या वर्गाला नऊ जण आले. त्यांत पाच मुली आहेत, आणि वाण्याच्या दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्या एक काकी. पहिल्या दोन वर्गांत खुणा शिकवून झाल्या: निर्धाव चेंडूला टिंब, वाइडला अधिक चिन्ह, नो बॉलला वर्तुळ, बायला, म्हणजे बॅटला किंवा अंगाला चेंडू न लागता पळून काढलेल्या धावेला, त्रिकोण आणि लेगबायला, म्हणजे चेंडू अंगाला लागून निघालेल्या धावेला, उलटा त्रिकोण. मास्तरांनी वहीची ताळेबंदाशी सांगड घातली, ती सर्वांना लगेच पटली. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर धावा (वाइड, नो बॉल, बाय, लेगबाय) यांची बेरीज एकीकडे. गोलंदाजांनी दिलेल्या धावा, बाय आणि लेगबाय यांची बेरीज दुसरीकडे. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. वाइड आणि नो बॉल गोलंदाजाच्या खात्यावर जातात, बाय आणि लेगबाय जात नाहीत. काकी म्हणाल्या, “म्हणजे जमाखर्चच हा.”

आज दुपारी लखनऊला भारत-इंग्लंड सामना होता, म्हणून सर्वांना मास्तरांच्या घरी दूरदर्शन संचासमोर वह्या घेऊन बसवले. भारताने ९ बाद २२९ केल्या. आमच्या नऊ वह्यांपैकी दोनच वह्यांत २२९ हा आकडा आला. षटक संपले की लगेच जाहिरात लागते, मधेच आधीच्या चेंडूचे चित्र पुन्हा दाखवतात आणि नवख्या माणसाला तो नवाच चेंडू वाटतो. शिवाय पंचांची खूण अनेकदा पडद्यावर येतच नाही. तरीही सराव चांगला झाला. इंग्लंडचा डाव १२९ धावांत आटोपला तेव्हा सहा वह्या बरोबर होत्या. भारत १०० धावांनी जिंकल्याचा आनंद घरात होताच, पण नववीत शिकणाऱ्या एका मुलीने आधी आपल्या दोन्ही बेरजा ताडून पाहिल्या आणि त्यानंतरच टाळी वाजवली.

८ नोव्हेंबर २०२३

पंचांच्या वर्गासाठी यापेक्षा चांगला धडा मिळाला नसता. परवा, ६ तारखेला, दिल्लीत विश्वचषकाच्या सामन्यात बांगलादेशाविरुद्ध श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज एकही चेंडू न खेळता ‘टाइम्ड आउट’, म्हणजे मुदतीत तयार न झाल्यामुळे बाद, झाला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असे प्रथमच घडले. त्याच्या हेल्मेटचा पट्टा तुटला होता, आणि बांगलादेशाचा कर्णधार शाकिब अल हसनने दाद मागितल्यावर पंचांनी त्याला बाद दिले. वर्गात सात जण होते आणि प्रत्येकाचे मत तावातावाचे होते.

मी त्यांना दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगितल्या: आपल्याला काय रुचते, आणि नियम काय म्हणतो. क्रिकेटच्या नियमांत चाळिसावा नियम तीन मिनिटांची मुदत देतो; विश्वचषकाच्या स्पर्धानियमांत ती दोन मिनिटे होती. मुदतीत नव्या फलंदाजाने किंवा त्याच्या जोडीदाराने पुढचा चेंडू खेळण्यास तयार असले पाहिजे. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने दाद मागितली नाही तर पंच स्वतःहून बाद देत नाही. दाद मागितली गेलीच, तर ती मागे घेणार का, हे पंच कर्णधाराला विचारू शकतो. पण कर्णधार ठाम राहिला तर नियम लागू करावाच लागतो. गुणलेखकांसाठी प्रश्न निराळा होता: हा बळी कोणाच्या नावावर? गोलंदाजाच्या नावावर तो जात नाही, संघाच्या बळींत मात्र धरला जातो.

आमच्या सामन्यांत मुले पॅड एकमेकांकडून घेऊन बांधतात, म्हणून पुढचा फलंदाज नेहमी पॅड बांधूनच बसेल आणि त्यासाठी क्लब पॅडची आणखी एक जोडी घेईल, असे याच वर्गात ठरले.

११ नोव्हेंबर २०२३

वर्ग झाला नाही. मुले दिवाळीसाठी नरकासुराचा पुतळा बांधण्यात गुंतली आहेत.

२६ नोव्हेंबर २०२३

सामन्यांच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून समालोचन करण्याची इच्छा बारावीतल्या एका मुलाने व्यक्त केली. त्याचा आवाज चांगला आहे; टेनिस चेंडूच्या स्पर्धा ऐकून तो शिकला आहे, त्यामुळे वाक्य इंग्रजीत सुरू होते आणि कुठेही संपते. मास्तरांनी त्याला आकाशवाणीवरील बाळ पंडितांच्या मराठी समालोचनाबद्दल सांगितले आणि एक कागद भरून शब्द लिहून दिले: पायचीत, यष्टिचीत, त्रिफळा, निर्धाव षटक, अवांतर. ‘त्रिफळा उडाला’ हे तो तीन वेळा मोठ्याने म्हणाला आणि चौथ्या वेळी त्याला स्वतःलाच त्यातला जोर कळला. हे शब्द मला जिवापाड आवडतात. एका शब्दात चेंडू कुठे लागला आणि काय पडले ते दिसते.

दोन षटकांमधील वेळ कसा भरावा, असे त्याने विचारले. मडगावात १९४० साली जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात कसोटी मालिकेत ६४२ धावा केल्या आणि किंग्स्टनला २१२ धावांची खेळी केली, हे आमच्या अकरा वर्षांच्या मुलांपैकी एकालाही माहीत नव्हते. गोवा रणजी स्पर्धेत १९८५-८६ च्या हंगामापासून खेळू लागला, हेही नाही. आता ते मैदानावर ऐकायला मिळेल.

खाण्याची व्यवस्था काकींनी हाती घेतली: दहा वाजता पेज, दुपारी पातळ भाजी आणि पाव, दिवसभर कोकम सरबत. दोन्ही संघांना, पंचांना आणि गुणलेखकांना एकाच पंगतीत.

१७ डिसेंबर २०२३

पहिला सामना झाला. आपला संघ हरला, पण या नोंदीत लिहावे असे दुसरेच घडले. आठव्या षटकात आपल्या सलामीच्या मुलाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. तो उभा राहिला, हसला आणि बॅट सरसावली. आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या ताई प्रथमोपचाराची पेटी घेऊन आत आल्या, त्यांनी त्याला वार आणि विरोधी संघाचे नाव विचारले. वार त्याने बरोबर सांगितला. आपण कोणाविरुद्ध खेळतो आहोत, ते त्याला सांगता आले नाही. ताईंनी त्याला बाहेर आणले. त्याचे वडील रागावले, “तो चालतोय, बोलतोय, मग अडचण काय?” ताईंनी आवाज न चढवता सांगितले, “भाऊ, डोक्याच्या माराचा संशय असला तरी त्या दिवशी खेळ बंद. मी असताना तो पुन्हा आत जाणार नाही.” संध्याकाळी डॉक्टरांनी तपासले आणि विश्रांती सांगितली. रात्री वडिलांनी ताईंच्या घरी जाऊन आभार मानले, हे मला ताईंकडूनच कळले.

हेल्मेटची जाळी वाकली आहे. ते हेल्मेट मी वापरातून काढून टाकले.

१४ जानेवारी २०२४

शेजारच्या गावाच्या संघाशी वीस षटकांचा सामना होता आणि मी पंच होतो. आपण प्रथम फलंदाजी केली. पाहुण्यांचा डाव ११७ धावांवर संपला तेव्हा आपली मुले नाचत मैदानात आली, कारण आपल्या वहीत आपल्या ११८ धावा होत्या. पाहुण्यांच्या गुणलेखकाने मात्र शांतपणे वही पुढे केली. तिच्यात आपल्या धावा ११७ होत्या. म्हणजे आपल्या वहीप्रमाणे विजय एका धावेने, त्यांच्या वहीप्रमाणे बरोबरी.

मी दोन्ही वह्या टेबलावर शेजारी ठेवायला सांगितल्या. दोन्हींचा ताळा जुळत होता, आणि तीच खरी अडचण होती. त्यांच्याकडे फलंदाजांच्या ९६ व अवांतर २१, मिळून ११७. गोलंदाजांच्या ११० आणि बाय-लेगबाय ७, मिळून ११७. आपल्याकडे ९६ आणि २२, मिळून ११८. ११० आणि ८, मिळून ११८. जमाखर्च दोन्हीकडे चोख असल्यामुळे बेरजेवरून चूक कोणाची हे कळणे शक्य नव्हते.

मग एकेक षटक ताडले. तेराव्या षटकाअखेर दोन्हीकडे ७१. चौदाव्या षटकाअखेर त्यांच्याकडे ७८, आपल्याकडे ७९. त्या षटकाचा पाचवा चेंडू वाइड होता, तो यष्टिरक्षकाला चुकवून मागे गेला आणि फलंदाजांनी एक धाव काढली. दोन्ही वह्यांत गोलंदाजाच्या चौकटीत अधिक चिन्ह आणि त्याच्या कोपऱ्यात एक टिंब होते, म्हणजे वाइडच्या दोन धावा. आपल्या वहीत त्याशिवाय बायच्या रकान्यातही एक आकडा होता.

वही नववीतल्या त्याच मुलीची होती. तिने बोट त्या आकड्यावर ठेवले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काका, ही धाव मी दोनदा लिहिली.” कारणही तिनेच शोधले. नो बॉलवर पळून काढलेली बाय २०१७ च्या नियमावलीपासून बाय म्हणूनच वेगळी मांडतात, हे मास्तरांनी मागच्या आठवड्यात शिकवले होते; वाइडवर मात्र पळालेली प्रत्येक धाव वाइडच्याच खात्यात राहते. तिने टिंब बरोबर दिले आणि नवा नियम डोक्यात ताजा असल्याने बायही मांडली. मी त्या चेंडूला केवळ वाइडची खूण केली होती, हे दोन्ही गुणलेखकांना सांगितले.

धावसंख्या ११७ ठरली आणि सामना बरोबरीत सुटला.

पालकांपैकी दोघांनी तिच्यासमोरच म्हटले की गावची मुलगी वही लिहायला बसवली आणि तिने गावालाच हरवले. मी तिथल्या तिथे सांगितले की सामना कोणी हरलेले नाही आणि दोष माझा आहे. धावसंख्या बरोबर आहे की नाही याची जबाबदारी नियमाने पंचांवर असते. डाव संपल्यावर दोन्ही वह्या ताडून पाहणे माझे काम होते आणि जेवणाच्या घाईत मी ते केले नाही. मध्यंतरातच पाहिले असते तर पाहुण्यांच्या मुलांना आपण किती धावांचा पाठलाग करतो आहोत, हे निश्चित ठाऊक असते. त्या अकरा मुलांची मी मनापासून क्षमा मागितली आहे आणि त्यांच्या क्लबला तसे पत्रही लिहिले आहे.

१७ जानेवारी २०२४

ती मुलगी आज वर्गाला आली नाही. काकी तिच्या घरी जाऊन आल्या. “दुकानात माझाही हिशेब चुकतो, पण चूक कुठे आहे ते स्वतः दाखवणारा माणूस मला आजवर मिळाला नाही,” असे त्यांनी तिच्या आईला सांगितले.

२१ जानेवारी २०२४

मुलगी आली, आणि येताना एका कोऱ्या कागदावर नवी पद्धत आखून घेऊन आली. प्रत्येक षटकाअखेर दोन्ही गुणलेखकांनी धावसंख्या व बळी मोठ्याने म्हणायचे आणि समासात लिहून परस्परांच्या वहीवर सही करायची. आकडा वेगळा आला तर रुमाल हलवून पंचाला थांबवायचे. पंचाने केलेल्या प्रत्येक खुणेला हात वर करून पोच द्यायची, आणि पोच मिळेपर्यंत पंचाने पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. दुसरी गोष्ट नियमांत आहेच. आम्ही ती पाळत नव्हतो. दोन्ही आजपासून लागू केल्या.

१८ फेब्रुवारी २०२४

मुलींच्या सरावाला आता आठ जणी येतात. गोव्याकडून खेळून भारतीय संघात गेलेल्या शिखा पांडेचे चित्र त्यांनी खोलीत लावले आहे. चेंडू जड वाटतो, अशी त्यांची तक्रार होती, म्हणून तो काकींच्या दुकानातील काट्यावर ठेवला: १६० ग्रॅम. हे पुरुषांच्या चेंडूचे वजन आहे. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा आणि तेरा वर्षांखालील मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो. इतकी वर्षे अकरा वर्षांच्या मुलांच्या बोटांवर आम्ही मोठ्यांचा चेंडू आदळू दिला. योग्य वजनाचे सहा चेंडू मागवले आहेत. यापुढे प्रत्येक नवा चेंडू आधी काट्यावर जाईल आणि वजन वहीत लिहिले जाईल.

२४ मार्च २०२४

शिगमोत्सवामुळे पंधरवडाभर सामने नाहीत. हंगामाचा जमाखर्च काकींनी फलकावर लावला.

२८ एप्रिल २०२४

हंगाम संपला. गुणलेखक पाच तयार झाले, पंच तीन. चौथ्याने नोकरीमुळे मध्येच सोडले. खेळपट्टीसाठी आजोबांच्या हाताखाली दोन जण शिकले आहेत, तिसरा मिळाला नाही. सर्व सामन्यांच्या वह्यांची छायाचित्रे काढून ठेवली. मागच्या हंगामातल्या त्या ४६ धावांच्या पानाला हात लावलेला नाही, कारण पुराव्याशिवाय आकडा बदलणे योग्य नाही. मात्र त्या मुलाने यंदा फेब्रुवारीत ५३ धावा केल्या आणि त्यातील प्रत्येक चेंडू एकाच हस्ताक्षरात नोंदलेला आहे. त्या पानाची प्रत मी त्याच्या घरी नेऊन दिली.

आज मॅट उचलली. दिवसभर उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवली, झाडली, आणि वाशांना टांगली, म्हणजे पावसात ओल व वाळवी लागणार नाही. आजोबांनी खेळपट्टीवर झावळ्या अंथरून घेतल्या. काम चालू असताना शेजारच्या गावच्या क्लबचा माणूस आला. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे अंतिम सामना आहे आणि तटस्थ गुणलेखक हवा आहे. जानेवारीतली ती मुलगी येईल का, असे तो विचारत होता. ती तिथेच खिळे मोजून डब्यात भरत होती. तिने विचारले, “दुसऱ्या वहीवर कोण बसणार?”